लांबी भरली म्हणजे भोक बुजलं का?

मावशींनी पिशवीतून रबरबँड लावलेला पावत्यांचा गठ्ठा काढला आणि काउंटरवर ठेवला. पिग्मीच्या, म्हणजे रोजच्या अल्पबचतीच्या पावत्या, रोजचे पन्नास रुपये. एजंट हातातल्या छोट्या मशीनमधून फाडून देतो तसल्या, निम्म्या फिक्या पडलेल्या. पासबुकात मात्र शेवटच्या अकरा दिवसांची नोंदच नव्हती. क्लार्कनं स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "मावशी, कॉम्प्युटरात एवढेच जमा आहेत बघा." मावशींनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. "मग ही काय बसची तिकिटं आहेत काय ओ?"

मी मागं उभा होतो. बेळगावातल्या त्या पतसंस्थेचा प्रोग्राम माझाच. साडेपाचशे रुपये कुठं आहेत हे त्या खोलीत फक्त मला उमगलं, तेही तेव्हाच. पैसे जमा झालेले होते. ज्या खात्यात जमा झाले ते खातं मी लपवलं होतं.

झालं होतं असं. दोन आठवड्यांपूर्वी काउंटरवरून तक्रार आली की यादीत चार-पाच सभासदांची नावं दोनदोनदा दिसताहेत. शुक्रवारची संध्याकाळ. मी बघितलं तर नावं तंतोतंत सारखी, मोबाईल नंबरही सारखा. दोनदा का आली हे शोधायला बसलो असतो तर रात्र गेली असती. मी प्रोग्राममध्ये एक अट घातली: मोबाईल नंबर सारखा असेल तर जुनं खातं तेवढं दाखव. यादी स्वच्छ झाली. क्लार्क खूश, चेअरमनसाहेब खूश, आणि मी रेल्वेचं सेकंड गेट पडायच्या आत घरी.

पुढं मावशींच्या नावाचंही दुसरं खातं उघडलं गेलं. माझी अट तिथं आधीच दबा धरून बसली होती; तिनं ते खातं जन्मतःच गिळलं. यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी की दिवसाची एकूण जमा रोज बरोबर येत होती. बेरीज सगळ्या खात्यांची व्हायची, दिसणाऱ्यांची आणि न दिसणाऱ्यांचीही. रोजकीर्द जुळत होती. जिथं बोंब व्हायला हवी होती तिथंच सगळं शांत होतं. बाकीच्या चार-पाच जणांचंही तेच झालं होतं, त्यांनी पासबुक भरून घेतलं नव्हतं इतकंच.

आता प्रश्न असा की त्या शुक्रवारी मी बग, म्हणजे प्रोग्राममधला दोष, दुरुस्त केला होता का? माझ्या वहीत तर 'झालं' म्हणून टिकमार्क होती.

प्रोग्रामरांच्या जगात यावर खरोखर दोन मतं आहेत. पहिलं म्हणतं, मुळातली चूक काढली तरच दुरुस्ती. आणि दुसरं मत वाटतं तितकं अडाणी नाही. ते म्हणतं, वापरणाऱ्याला त्रास झाला तरच तो बग. त्रास थांबला, बग संपला. हट्टी बगच्या मागं महिनाभर लागण्यापेक्षा त्याच्यावर पांघरूण घालून पुढं चला. हे खोडून काढायचं तर आधी 'बग' या एका शब्दात कोंबलेल्या तीन गोष्टी सुट्या करायला हव्यात.

आपल्याकडच्या कौलारू घराचं उदाहरण घ्या. जुलैचा पाऊस. एक कौल फुटलंय, ही झाली खोट. तिथून आत आलेलं पाणी माळ्यावर मुरतंय, वासे आणि रिपा भिजताहेत, हा झाला आतला बिघाड. आणि खाली जेवताना ताटात थेंब पडतो, हा झाला त्रास. माळ्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला की ताटात थेंब पडायचा थांबतो. कौल फुटलेलंच आहे, पाणी येतंच आहे, ते आता कागदावर साठून कडेनं भिंतीत उतरतंय. सॉफ्टवेअरमध्येही तसंच. कोडमध्ये कुठंतरी खोट असते. तिच्यामुळं आतली माहिती बिघडते. आणि बिघडलेली माहिती कधीतरी, कुठंतरी बाहेर दिसते. आपण ज्याला 'एरर आला' म्हणतो तो शेवटचा थेंब. लपवणं म्हणजे पहिल्या दोन गोष्टी तशाच ठेवून तिसरी बंद करणं.

ती बंद करायच्या ठरलेल्या रीती आहेत आणि या धंद्यातल्या प्रत्येकानं त्या कधी ना कधी वापरल्यात. सगळ्यात स्वस्त म्हणजे एरर गिळणं. बहुतेक संगणकभाषांत सोय असते की 'हे करून बघ, बिनसलं तर असं कर'. त्यातल्या 'असं कर'च्या जागी काहीच लिहायचं नाही. बिनसलं? गप्प बस, पुढं चल. दुसरी रीत म्हणजे मशीन बंद करून चालू करणं. ही तर घरात टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर आपण सगळेच करतो. तिसरी जरा नाजूक आहे, ती समजायला काउंटरवर यावं लागेल.

समजा एका खात्यात ५०० रुपये आहेत. दोन क्लार्क एकाच क्षणी त्या खात्यात शंभर-शंभर जमा करताहेत. पहिल्यानं शिल्लक वाचली: ५००. दुसऱ्यानंही वाचली: ५००, कारण पहिल्यानं अजून लिहिलेलं नाही. पहिल्यानं ६०० लिहिले. दुसऱ्यानंही ६०० लिहिले. खात्यात ७०० हवे होते, शंभर हवेत विरले. दोघांचीही बेरीज बरोबर, दोघांनीही नियम पाळला, चूक फक्त वेळेच्या गुंत्यात. याला 'रेस कंडिशन' म्हणतात. हा बग रोज येत नाही. क्षण जुळला तरच येतो. म्हणून तो शोधायला बसलं की दिसत नाही. मग वैतागलेला प्रोग्रामर काय करतो, तर मध्ये 'दोन सेकंद थांब' असं लिहून ठेवतो. क्षण जुळायचे कमी होतात. बग दिसेनासा होतो. पुढच्या वर्षी संस्था नवा वेगवान सर्व्हर घेते, नाहीतर मार्चएन्डला काउंटरवर गर्दी होते, आणि दोन सेकंदांचं गणित कोलमडतं. तोवर ती दोन सेकंदं तिथं का घातली होती हे कुणाच्याही लक्षात नसतं.

बघायला गेलं की पळणाऱ्या या जातीच्या बगला 'हायझेनबग' असं गमतीचं नाव आहे, भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या नावावरून. काय चाललंय ते छापून बघावं म्हणून कोडमध्ये एक ओळ घातली, की त्या ओळीला लागणाऱ्या वेळानंच क्षण चुकतो आणि बग गायब. ओळ काढली, की परत हजर. त्यामुळं 'इथं तर चालतंय की' म्हणणारा प्रोग्रामर दर वेळी खोटं बोलत असतोच असं नाही.

मावशी गेल्या (त्यांचे पैसे त्याच दिवशी एका खात्यात आणले, ते पुढं येईलच) आणि संध्याकाळी घरी मी हे सगळं काकांना सांगितलं. काकांनी उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) उभं आयुष्य काढलंय. ते हसले. म्हणाले, "म्हणजे लांबी भरलास की रे."

लांबी म्हणजे भोकं-भेगा बुजवायचा लगदा, पुट्टी. बेळगावच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडं विस्तारानं सांगतो, कारण मला हा विषय पुस्तकांपेक्षा फाउंड्रीनं जास्त कळवला. साच्याच्या वाळूत ओलावा राहिला की वितळलेलं लोखंड ओतताना त्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूत अडकते, आणि थंड झालेल्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) पोकळी राहते. त्याला ब्लो होल म्हणतात. पृष्ठभागावर आलं तर डोळ्याला दिसतं, कास्टिंग रिजेक्ट होतं. मग एखादा हुशार माणूस त्या भोकात लांबी भरतो, सुकल्यावर पॉलिश पेपर मारतो, वरून रंगाचा हात फिरवतो. बागेतल्या बाकाचा पाय असेल तर पुढची वीस वर्षं कुणाचं काही बिघडत नाही. पण हायड्रॉलिक पंपाची बॉडी असेल तर? तेलाला डोळे नसतात, त्याच्याकडं दाब असतो. लांबी कुठं आहे ते दाब बरोबर शोधून काढतो.

इथवर सोपं आहे. पण काका पुढं जे म्हणाले त्यानं माझं मत फिरलं. त्यांनी सांगितलं की बारीक छिद्रं भरायची एक अधिकृत पद्धतही आहे, व्हॅक्यूम इम्प्रेग्नेशन. कास्टिंग टाकीत ठेवून हवा ओढून घेतात, छिद्रांत रेझिन शिरवतात, गरम करून घट्ट करतात. मोटारींच्या सुट्या भागांनाही हे सर्रास करतात. भोक तिथंच असतं, वाळूतला ओलावाही होऊन गेलेला असतो. पण नंतर तो भाग पाण्यात बुडवून आत हवेचा दाब देतात आणि सायकलच्या ट्यूबचे बघतात तसे बुडबुडे बघतात. कागदावर नोंद असते, गिऱ्हाईकाला माहीत असतं. "भरायचं तर दोन्हीकडं तेच," काका म्हणाले, "एकात चोरून भरतात, एकात सांगून."

म्हणजे 'लपवलं का?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कुणापासून लपवलं?' असं विचारलं पाहिजे. वापरणाऱ्यापासून लपवलं तर ते कधीकधी चांगलं असतं, कधी गरजेचंही. दुरुस्त करणाऱ्यापासून लपवलं, तर काम संपलं म्हणायला जागा उरत नाही. मी त्या शुक्रवारी क्लार्कपासून दुसरं खातं लपवलं होतं, आणि त्याच झटक्यात स्वतःपासूनही.

याचं सगळ्यात अंगावर येणारं उदाहरण वैद्यकीय यंत्राचं आहे. थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यानं सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट जास्त किरणं दिली. त्यातले काही दगावले. टेक्ससमधल्या टायलर इथल्या दवाखान्यात १९८६ च्या मार्च-एप्रिलमध्ये असे दोन अपघात झाले. यंत्रावर किरणांचा प्रकार टाइप करावा लागे. ऑपरेटरनं चुकून एक्स-रेचं अक्षर दाबलं आणि लगेच वर जाणाऱ्या बाणाच्या बटणानं मागं येऊन ते बदललं, तर पडद्यावर नवा प्रकार दिसायचा. पण हा बदल साधारण आठ सेकंदांच्या आत झाला असेल तर आतल्या कामाला तो कळायचाच नाही. पडदा एक सांगतोय, यंत्र दुसरंच करतंय. वर मघाशी बघितलेली तीच रेस कंडिशन. पडद्यावर यायचं 'मालफंक्शन ५४', त्याचा अर्थ ऑपरेटरला सांगितलेला नव्हता, आणि असले संदेश दिवसातून कितीदा येत असल्यानं पुढं चालू ठेवायचं बटण दाबायची हाताला सवय झाली होती. त्या दवाखान्यातल्या भौतिकतज्ज्ञानं ऑपरेटरला बरोबर घेऊन, परतपरत टाइप करून, तो संदेश मुद्दाम आणून दाखवला. वेगानं टाइप केलं तरच यायचा.

मग बनवणाऱ्या कंपनीनं एप्रिल १९८६ मध्ये यंत्र वापरणाऱ्यांना काय कळवलं? तो बाण असलेल्या बटणाची टोपी काढून टाका आणि आतले संपर्क चिकटपट्टी लावून उघडे राहतील असे करा. हे मी अतिशयोक्तीनं सांगत नाही, खरोखर हीच सूचना होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ते पुरेसं मानलं नाही आणि मे महिन्यात यंत्र सदोष जाहीर केलं. त्यानंतर जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेतल्याच याकिमा इथं परत अपघात झाला, या वेळी कारण वेगळंच होतं: २५५ च्या पुढं परत शून्यावर येणारा एक छोटा गणक. बटणावरच्या चिकटपट्टीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मला त्यातला आणखी एक धागा जास्त शिकवून जातो. याच कंपनीचं आधीचं यंत्र, थेरॅक-२०. बाणाचा तोच बग त्यातही होता. पण त्यात स्वतंत्र विद्युत-यांत्रिक कुलपं होती. सॉफ्टवेअर चुकलं तर फ्यूज उडायचा आणि किरणं बाहेरच पडायची नाहीत. शिकागोतल्या एका विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आली, त्यांची बोटं कशीही चालायला लागली, की फ्यूज उडायला लागायचे. विद्यार्थी रुळले की थांबायचे. टायलरची बातमी कळेपर्यंत कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. कुलपांनी रुग्णांना वाचवलं, ते उत्तमच. पण 'आज कुलपामुळं वाचलो' ही नोंद कुठंच झाली नाही. म्हणून पुढच्या यंत्रात ती कुलपं काढून भिस्त सॉफ्टवेअरवर टाकताना ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं चाललेलं, भरवशाचं वाटलं.

मशीन बंद-चालू करण्याचंही असंच. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात धहरान इथं इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ जण गेले. तिथली पॅट्रियट ही येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा शंभर तास अखंड चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाचा दहावा भाग मोजायचं, आणि एक-दशांश हा आकडा संगणकाच्या एक-शून्याच्या भाषेत पूर्ण मावत नाही, जसा एक-तृतीयांश आपल्या दशांशात मावत नाही. शेपूट छाटली जायची. शंभर तासांत ती साठून सुमारे ०.३४ सेकंदांचा फरक पडला, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर जातं. यंत्रणा भलतीकडेच बघत राहिली. फार वेळ चालू ठेवलं तर अडचण येते हे आधी कळलेलं होतं, तसा इशाराही गेला होता. पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे त्यात नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ तारखेला.

याच्या शेजारी बोइंग ७८७ ठेवून बघा. विमानाच्या जनरेटर नियंत्रकातला एक गणक सलग २४८ दिवस वीज चालू राहिली की भरून ओसंडतो आणि वीजपुरवठा बंद पडू शकतो, असं २०१५ मध्ये लक्षात आलं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं आदेश काढला: ठरलेल्या मुदतीच्या आत वीज पूर्ण बंद करून परत चालू करा. उपाय तोच, बंद-चालू. पण कारण माहीत आहे, दिवस मोजलेले आहेत, लेखी आदेश आहे, आणि नवं सॉफ्टवेअर येईपर्यंतचीच ही सोय आहे हेही लिहिलेलं आहे. असल्या विमानात मी निवांत बसेन.

लपवण्याचा मान राखणारी माणसंही या क्षेत्रात मोठीच आहेत. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये, कधीच बंद पडू नयेत असे संगणक बनवणाऱ्या टँडेम कंपनीत असताना मांडलं की कसून तपासून झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये उरतात ते बहुतेक हायझेनबग. तेच काम पहिल्यापासून परत केलं की बहुधा सुरळीत होतं. म्हणून यंत्रणाच अशी बांधा की चुकलेलं काम पुसून परत करता येईल. आज तुमचं यूपीआय पेमेंट अडकून परत जातं तेव्हा याच विचाराची नातवंडं कामाला लागलेली असतात. ग्राहकाला खोट दिसू नये, हे तिथं ध्येयच आहे.

पण त्याला जोड कशाची लागते ते मंगळावर दिसलं. पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला उतरलं आणि काही दिवसांत आपोआप रिसेट व्हायला लागलं. त्यातला पहारेकरी टायमर, एखादं महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही की सगळं बंद करून परत चालू करायचा. आत गुंता असा होता: समजा मॅनेजरना सहीनंतर शिक्का हवाय, शिक्का शिपायाकडं आहे, आणि शिपायाला मधल्या टेबलावरच्यांनी चहा आणायला पिटाळलंय. मॅनेजर सगळ्यांत वरचे, पण खोळंबलेत शिपायासाठी. शिपाई खोळंबलाय मधल्यांसाठी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मॅनेजर झोपलेत. यानावरही कमी महत्त्वाच्या कामानं एक कुलूप धरून ठेवलं होतं आणि मधलं काम त्याला हलू देत नव्हतं. रिसेटमुळं यान वाचत राहिलं. पण पृथ्वीवरचे इंजिनिअर त्यावर समाधान मानून बसले नाहीत. तशाच यंत्रावर त्यांनी तो प्रसंग परत घडवून आणला, कारण धरलं, आणि मंगळावरच्या यानात एक सेटिंग बदललं. शिक्का ज्याच्याकडं आहे त्याला तेवढ्यापुरता मॅनेजरचा दर्जा द्यायचा, असं. एक गोम सांगून ठेवतो: असे रिसेट उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही एक-दोनदा दिसले होते. परत दिसले नाहीत म्हणून सोडून दिले होते.

आणि दुसरं टोक ब्रिटनच्या पोस्टाचं. तिथल्या होरायझन नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळं पोस्टमास्तरांच्या गल्ल्यात तूट दिसायची. कॉम्प्युटर चुकणार नाही असं धरून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. कित्येक तुरुंगात गेले. शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. ते वाचताना मला आमचा क्लार्क आठवतो, स्क्रीन फिरवून दाखवणारा. मावशींकडं पावत्यांचा गठ्ठा होता म्हणून निभावलं.

आता मावशींच्या दोन खात्यांचं. त्यांचं आडनाव इथं देणार नाही, पण 'कुऱ्हाडे'सारखं, 'ऱ्ह' असलेलं होतं. बाकीच्या चार-पाच जणांचंही कुणाचं आडनाव, कुणाचं गाव, कुठं ना कुठं 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह'. हे त्या शुक्रवारी बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडे दिसतात. युनिकोड या प्रत्येक अक्षराला आकडा ठरवून देणाऱ्या पद्धतीत साधा 'र' म्हणजे २३५२, पाय मोडायची खूण २३८१, 'ह' म्हणजे २३६१. 'ऱ्ह' हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक म्हणजे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेला वेगळा 'ऱ' घेऊन: २३५३, २३८१, २३६१. दुसरी जुनी तऱ्हा: साधा 'र', पाय मोडायची खूण, मग डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि मग 'ह': २३५२, २३८१, ८२०५, २३६१. कागदावर दोन्ही हुबेहूब. ऑफिसातला कीबोर्ड एक तऱ्हा वापरायचा, एजंटचा नवा फोन दुसरी. एजंटनं नाव शोधलं, सापडलं नाही, त्यानं प्रामाणिकपणे नवं खातं उघडलं. बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती.

वाटेल की न दिसणारं ८२०५ सगळीकडून काढून टाकलं की झालं. मीही आधी तेच करणार होतो. तसं केलं की 'ऱ्ह'चा 'र्ह' होतो, रफार डोक्यावर चढतो. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातला माणूस थेट समुद्रात. लग्नातल्या आचाऱ्याला द्यायचा चेक आचार्यांना जातो. बरं, युनिकोडचे अक्षरं एकसारखी करायचे जे ठरलेले नियम आहेत तेही या दोन तऱ्हा एक करत नाहीत; ते आपलं आपणच करावं लागतं. आणि आपण सीमेवर. आमच्या प्रोग्राममध्ये कन्नड नावंही असतात, आणि तेच न दिसणारं चिन्ह कन्नडमध्येही येतं, पण तिथं ते पाय मोडायच्या खुणेच्या आधी बसतं, मराठीत नंतर. 'रँक' हा शब्द कन्नडमध्ये नीट उमटतो तो त्याच्यामुळं. मराठी साफ करायला गेलो असतो तर निपाणी-चिकोडीकडच्या सभासदांची कन्नड नावं बिघडवून बसलो असतो.

शेवटी केलं ते असं. देवनागरी 'र', पाय मोडायची खूण आणि जोडचिन्ह, हे तिन्ही याच क्रमानं आले तरच त्यांच्या जागी नुक्त्याचा 'ऱ' आणि पाय मोडायची खूण घालायची. नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा. मोबाईल नंबरची ती अट काढून टाकली. दुहेरी झालेली खाती मॅनेजरसमोर, सभासदाची सही घेऊन, एकेक करून एक केली. नुसत्या नावावरून खातं शोधायचंच कशाला, हा काकांचा प्रश्न रास्त होता. आता सभासद क्रमांक टाकल्याशिवाय एजंटला नवं खातं उघडता येत नाही.

तरी थोडी लांबी आजही आहेच. जुना फोन जुन्या तऱ्हेनं लिहितो, प्रोग्राम गुपचूप बदलून घेतो, एजंटला काही कळत नाही. फक्त रात्रीच्या रिपोर्टच्या तळाशी एक ओळ छापली जाते: आज किती नावं बदलून घेतली, कुणाच्या फोनवरून आलेली. बहुतेक दिवशी शून्य असतं. काल तीन होती, तिन्ही खानापूरच्या एजंटची. फोन केला तर म्हणाला, "चतुर्थीला नवा घेतोय की ओ."